माझी वायर कुणी काढली?

मी पंप बोलतोय. पाण्याचा नव्हे. पंप म्हटलं की तुम्हाला गच्चीवरची टाकी आणि बटण बंद करायला विसरलेला शेजारी आठवतो, म्हणून आधीच सांगून टाकलं. मी बेंगळुरूतल्या एका कॅन्सर हॉस्पिटलात तिसऱ्या मजल्यावर असतो, पलंगाच्या पायथ्याशी अडकवलेला. माझ्यातून दोन नळ्या निघतात. त्यांच्या टोकांना दोन कापडी पट्टे असतात आणि ते पेशंटच्या पोटऱ्यांना गुंडाळतात. मी पट्ट्यात हवा भरली की पोटरी दाबली जाते, हवा सोडली की सुटते. मिनिटाला एकदा. एवढंच माझं काम, आणि एवढंसुद्धा मला कुणी धड करू देत नाही.

रागावलेला वाटतोय का? आहेच.

माझा जन्म याच शहरातला, पीण्या नावाच्या कारखान्यांच्या वसाहतीतल्या एका शेडमधला. तिथे एका टेबलावर लाकडी पाय ठोकून ठेवलेला होता. आयुष्यात पहिल्यांदा मी दाबला तो तोच पाय. तपासणाऱ्या बाईंनी घड्याळ लावून अकरा मिनिटं माझ्याकडे पाहिलं, "सरी", म्हणजे ठीक, म्हणाल्या आणि माझ्या पाठीवर हिरवी चिठ्ठी चिकटवली. माझ्या पोटात एक आकडाही बसवलेला आहे. एका पेशंटसाठी मी किती तास चाललो हे तो आकडा मोजतो. उजवीकडचं छोटं बटण दाबलं की तो दिसतो. बॅटरी मात्र मला दिली नाही. ती मोठ्या मॉडेलच्या वाट्याला गेली. त्यामुळे कुणी माझी वायर काढली की मी नुसता बंद पडत नाही, मुकाही होतो. ओरडायला माझ्याकडे बझर आहे, पण तो वाजायला वीज लागते. या अकलेला काय म्हणावं?

माझी गरज काय, असं तुम्ही विचाराल. सगळेच विचारतात. कॅन्सर झालेल्या माणसाचं रक्त लवकर गोठतं. त्यात ऑपरेशन, त्यात दिवसचे दिवस पलंगावर पडून राहणं. मग पोटरीच्या आतल्या शिरेत रक्त साकळतं, त्याची गुठळी होते. ती तिथेच राहिली तर पाय सुजतो. सुटली तर वर सरकत फुप्फुसात जाऊन अडकते, आणि मग डॉक्टरांच्या हातात मोजकी मिनिटं उरतात. हे टाळायला पोटात टोचायचं, रक्त पातळ ठेवणारं एक इंजेक्शन असतं, पेशंटला चालवायचं असतं, आणि इंजेक्शन देता येत नसेल तेव्हा मी असतो.

आता माझं नाव ऐका. कागदावर लांबलचक इंग्रजी नाव आहे. वॉर्डात मात्र सगळे मला म्हणतात, पाय दाबायचं मशीन. इथेच सगळा घोळ झाला. आपल्याकडे पाय दाबणं म्हणजे काय? सुनेनं सासूची करायची सेवा. दमून आलेल्या माणसाचे लाड. म्हणजे चैनच की! मग ती थोडा वेळ बंद ठेवली तर कुणाचं काय बिघडतं? अशा समजुतीनं आजवर मी शंभर वेळा बंद झालोय. लोकांनी माझ्यावर ओले टॉवेल वाळत घातले. एकानं माझ्या डोक्यावर इडलीचा डबा ठेवला आणि विसरून गेला. दोन दिवस.

एक मल्लाप्पा तेवढे निराळे. बस चालवून निवृत्त झालेला माणूस. पहिल्याच दिवशी म्हणाले, "जन्मात कुणी माझे पाय दाबले नाहीत. हे चालू ठेवा, कुणी हात लावला तर बघा." त्यांनाही मी म्हणजे लाडच वाटत होतो, पण निदान ते लाड करून घ्यायला तयार होते. सहाव्या दिवशी स्वतःच्या पायांनी लिफ्टपर्यंत चालत गेले. त्यांच्या नावावर मी एकशे बारा तास चाललो होतो. तो आकडाही कुणी बघितला नाही म्हणा.

आणि मग शकुंतलाबाई आल्या.

राजाजीनगरचं मराठी घर, तीन पिढ्या इथेच रुजलेलं. नवरा कृष्णाजी, विजेच्या सामानाचं दुकान. स्विच, प्लग, वायर यांत चाळीस वर्षं गेलेला माणूस. एकुलती एक मुलगी रूपश्री, नोकरी बेळ्ळंदूरला, राहायला मारतहळ्ळीला, शहराच्या पार दुसऱ्या टोकाला. शकुंतलाबाईंचं वय एकसष्ट. अंडाशयाचा कॅन्सर होता. सोमवारी सकाळी ऑपरेशन झालं, चांगलं झालं. दुपारी चारला कावेरी सिस्टरनं माझा जुना आकडा न बघताच पुसून शून्य केला आणि पट्टे शकुंतलाबाईंच्या पायांना बांधले. कावेरी निपाणीकडची. कन्नड आणि मराठी दोन्ही तिच्या तोंडात सारख्याच घाईनं येतात.

डॉक्टर शिवकुमारांनी रूपश्रीला दहा वाक्यांत सगळं समजावलं. गुठळी, फुप्फुस, धोका, सगळं. तिनं नीट ऐकून घेतलं. तेवढ्यात तिच्या ऑफिसचा फोन आला. बोलता बोलता तिनं त्या दहा वाक्यांचं एक वाक्य करून बापाच्या हातात दिलं.

"अप्पा, हे पाय दाबायचं मशीन आहे. चालू ठेवा हं."

"सरी, बाळा," कृष्णाजी म्हणाले.

झालं. फुप्फुस गळालं, धोका गळाला, उरले फक्त पाय. मी ऐकत होतो आणि मनातल्या मनात कपाळ बडवून घेत होतो. मला कपाळ नाही, ही गोष्ट वेगळी.

मंगळवारी पोटातल्या नळीतून लाल पाणी जास्त यायला लागलं. डॉक्टरांनी इंजेक्शन थांबवलं. "आता फक्त पंप. सतत चालू," त्यांनी कावेरीला सांगितलं. कावेरीनं ते फाईलीत लिहिलं. कृष्णाजी शेजारीच उभे होते, त्यांनीही मान डोलावली. त्या क्षणापासून त्या बाई आणि ती गुठळी यांच्या मध्ये मी एकटा होतो. इतकी मोठी जबाबदारी माझ्यावर कधी आली नव्हती. खोटं कशाला बोलू, मला जरा अभिमानही वाटला.

तो तासभर टिकला.

पलंगामागे तीन प्लग पॉइंट होते. एक पलंगाच्या मोटरचा, एक सलाइनच्या यंत्राचा, तिसरा माझा. आणि कृष्णाजींचा फोन सकाळपासून वाजत होता. बेळगावहून बहीण, हुबळीहून मेहुणे, तंजावरची मावशी, दुकानाच्या गल्लीतले सगळे. "कशी आहे हो आता?" मग व्हिडिओ कॉल, मग तोंड दाखवा, मग जरा फोन तिच्या कानाला लावा. माणसं प्रेमानंच विचारत होती. पण त्या प्रेमापायी दुपारपर्यंत फोन मेला. कृष्णाजींनी तिन्ही पॉइंट पाहिले. पलंगाचा काढता येत नव्हता, सलाइनचा काढायची त्यांची छाती झाली नाही. राहिला लाडाचा.

त्यांनी आधी बटण बंद केलं, मग अलगद माझा प्लग काढला, वायरीचं सुबक वेटोळं करून माझ्या हुकाला अडकवलं. मुरलेला कारागीर! इतक्या सभ्यपणे माझा गळा कुणी आवळला नव्हता.

शकुंतलाबाईंना तर बरंच वाटलं. "राहू दे बंद," त्या म्हणाल्या. "माणसं भेटायला येतात आणि मी आपली महाराणीसारखी पाय दाबून घेत पडलेय. कसं दिसतं ते?"

"पोरीनं चालू ठेवायला सांगितलंय."

"स्वल्प वेळ बंद ठेवलं तर काय होतंय?"

स्वल्प! या शहरात सगळं स्वल्प असतं. रिक्षावाला स्वल्प थांबतो, पाणी स्वल्प उशिरा येतं, दुखणं स्वल्प दुखतं. त्या मंगळवारी मी स्वल्प म्हणता म्हणता नऊ तास बंद होतो.

संध्याकाळी ट्रॅफिकमधून दोन तास झगडून रूपश्री येई. तिची पावलं ऐकली की कृष्णाजी घाईनं फोन काढून मला लावत, मुलगी रागावू नये म्हणून. ती बघे, मी घूं-फुस्स करत असे, तिला समाधान वाटे. ती गेली की पुन्हा फोन चढे. आणि कावेरी? दर पाळीत फाईलीत एक ओळ असते, "पंप चालू". तिच्यापुढे बरोबरची खूण करायची असते. चौदा पेशंट, एक सिस्टर. ती दारातूनच पट्टे बांधलेले बघे आणि खूण करून पुढे जाई. पट्टे बांधलेलेच असायचे हो. त्यात हवा आहे का, हे बघायला दोन पावलं आत यावं लागतं.

बुधवारी पेशंटला चालवायला हॉस्पिटलचा माणूस आला. शकुंतलाबाई उठून बसल्या, पोटाला हात लावून कण्हल्या. भेटायला आलेल्या तिघी एका सुरात म्हणाल्या, "अगंबाई, एवढ्यात कशाला? टाके ओले आहेत." कृष्णाजींनी हात जोडले, "आज नको, उद्या बघू." तो माणूस उद्याही आला, उद्याही तेच झालं. आपल्याकडे आजारी माणसाला हलू न देणं हीच माया. ती माया मी रोज बघतो आणि रोज माझा संताप होतो.

गुरुवारी संध्याकाळी रूपश्री आल्यावर मला लावलं तेव्हा मला काहीतरी वेगळं जाणवलं. डावा पट्टा उजव्याआधी भरत होता. पोटरी जाड झाली होती, गरम लागत होती. हे सगळ्यांत आधी कळलं ते मला, कारण तिला मिठी मारून मीच बसलो होतो. मी जिवाच्या आकांतानं घूं-फुस्स केलं. त्यापलीकडे मला भाषा नाही. रूपश्री म्हणाली, "आज आवाज जरा जास्त येतोय ना?" आणि तिनं माझ्या अंगाखाली टॉवेलची घडी सरकवली.

ती गेल्यावर शकुंतलाबाई हळूच म्हणाल्या, "अहो, डावा पाय स्वल्प ओढतोय."

"पडून पडून अवघडला असेल. सिस्टरला सांगू?"

"नको. बिचारी सकाळपासून धावतेय. तिला किती त्रास द्यायचा?"

शुक्रवार. जेवणं झालेली, वॉर्ड सुस्तावलेला. कृष्णाजींनी पलंगाभोवतीचा पडदा ओढून घेतला आणि पिशवीतून घरून आणलेली खोबरेल तेलाची बाटली काढली. ती त्यांनी खिडकीतल्या उन्हात ठेवून कोमट केली होती. मग त्यांनी माझे दोन्ही पट्टे सोडले. फोन नेहमीप्रमाणे माझ्या पॉइंटला होता.

"अहो, हे काय करताय? माझ्या पायाला हात लावताय? पाप लागेल मला!"

"चाळीस वर्षं तू माझे चेपलेस. मला लागलं का पाप?"

"तुमची गोष्ट वेगळी."

"काही वेगळी नाही. गप पड."

शकुंतलाबाई हसल्या, मग त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं. दुकान बंद करून आलेल्या नवऱ्याचे पाय त्यांनी रोज चेपले असतील, आणि आज पहिल्यांदा त्याचे हात त्यांच्या पायाला लागत होते. इतकं सुरेख काही मी या वॉर्डात पाहिलं नव्हतं. आणि मी आतल्या आत ओरडत होतो, थांबा! कृष्णाजी, तो पाय चेपू नका! त्याच्या आत काय आहे ते तुम्हाला ठाऊक नाही! पण माझी वायर वेटोळं होऊन हुकाला लटकत होती. आणि ते प्रेमानं, मन लावून, खालून वर तेल चोळत होते.

कावेरी सलाइन बदलायला आली आणि तिनं पडदा सारला. एक पाय दुसऱ्याच्या दीडपट. तिच्या हातातली बाटली खाली पडली.

"अण्णा! चेपू नकासा! हात काढा, हात काढा आधी! अक्का, अजिबात हलू नकासा, मी डॉक्टरास्नी घेऊन आले!"

कृष्णाजींनी चटका बसल्यासारखे हात मागे घेतले. "काय झालं? मी तर नुसतं..."

कावेरी अजून दाराबाहेर पोचली नसेल. शकुंतलाबाईंनी छातीवर हात ठेवला. "अहो, श्वास..." एवढंच म्हणाल्या. मग डॉक्टर आले, माणसं आली, पलंग ढकलत धावत नेला. माझ्या नळ्या ओढल्या जाऊन सुटल्या आणि मी जमिनीवर आदळलो. दुपारचे तीन वाजले होते. शकुंतलाबाई परत आल्या नाहीत.

कॅन्सरनं त्यांना नेलं नाही, हे मला राहून राहून सांगावंसं वाटतं. कॅन्सर डॉक्टरांनी काढला होता. अहवाल चांगले होते. नेलं ते एका पॉइंटनं, एका खुणेनं, एका "उद्या बघू"नं, आणि लाड समजून बंद केलेल्या या खोक्यानं.

कुणीतरी घाईघाईत त्यांचं सामान पिशवीत कोंबलं, त्यात माझा डावा पट्टाही गेला. एका पट्ट्यावर मी चालत नाही. मला सामानाच्या खोलीत टाकून दिलं. मोडक्या व्हीलचेअरच्या शेजारी मी तीन आठवडे पडून होतो. त्या काळात वॉर्डात अशी किती माणसं आली असतील, ज्यांना माझी गरज होती? मला माहीत नाही. मी भिंतीकडे तोंड करून होतो.

तेराव्याला बरेच दिवस उलटल्यावर एका दुपारी त्या खोलीचं दार उघडलं. कावेरी होती, तिच्यामागे कृष्णाजी. अंगातला शर्ट त्यांना सैल झाला होता. हातात दुकानाची पिशवी. त्यांनी तिच्यातून माझा पट्टा काढला. धुतलेला, वाळवलेला, नीट घडी केलेला. तेलाचा डाग मात्र गेला नव्हता.

"चुकून आला होता आमच्याकडे," ते म्हणाले. मग म्हणाले, "सिस्टर, एक विचारतो. खरं सांगा. मी चेपला म्हणून झालं का?"

कावेरीनं पट्टा हातात घेतला. "गुठळी आधीच झालेली, अण्णा. हातानं सुटली का आपणहून सुटली, हे डॉक्टरास्नीबी सांगता येत न्हाई."

"आधी म्हणजे कधी? मशीन तर होतं की पायाला."

कावेरीनं मला उचलून टेबलावर ठेवलं. माझा प्लग लावला. आणि मग, एवढ्या वर्षांत पहिल्यांदा, कुणीतरी माझ्या उजवीकडचं ते बटण दाबलं.

सोमवार चारपासून शुक्रवार तीनपर्यंत पंचाण्णव तास होतात. माझ्या काचेवर सव्वीस होते.

दोघंही त्या आकड्याकडे बघत राहिले. मला वाटलं होतं, हा क्षण आला की मला समाधान वाटेल. बघा, मी सांगत होतो! असं काहीतरी. तसं काहीच वाटलं नाही.

"माझा फोन," कृष्णाजी म्हणाले.

"माझी खूण," कावेरी म्हणाली. "दर पाळीला मी चालू म्हणून लिवलंय, अण्णा. आत येऊन बघितलंच न्हाई. एकदा वायर लटकताना दिसलीबी होती. वाटलं, आत्ताच काढली असंल."

कृष्णाजी तिच्यावर रागावतील असं मला वाटलं. त्यांनी पिशवीत पुन्हा हात घातला आणि सहा पॉइंटचा बोर्ड बाहेर काढला, स्वतः जोडलेला. पाच पॉइंट पांढरे, एक लाल. लाल पॉइंटखाली त्यांनी मराठीत आणि कन्नडमध्ये रंगानं लिहिलं होतं: हा काढू नका, जीव आहे.

"लोकांच्या घरी जो प्लग काढायचा नसेल त्याला मी लाल रंग देऊन ठेवायचो," ते म्हणाले. "एवढी वर्षं दिला. हा बसवू द्या मला. परवानगी लागत असेल तर कुणाला भेटायचं ते सांगा, मी थांबतो."

ते चार दिवस थांबले. या टेबलावरून त्या टेबलावर. शेवटी तो बोर्ड शकुंतलाबाई होत्या त्याच, सात नंबरच्या पलंगामागे लागला, कृष्णाजींच्याच हातानं.

मग पट्टा तपासायची वेळ आली. त्यासाठी पाय लागतो आणि हॉस्पिटलात लाकडी पाय नसतो. कावेरी इकडेतिकडे बघू लागली. कृष्णाजी खुर्चीवर बसले आणि त्यांनी पँट गुडघ्यापर्यंत वर केली. कावेरीनं पट्टे बांधले, तेलाच्या डागाचा डाव्या पायाला. माझा प्लग लाल पॉइंटमध्ये गेला.

मी हळूच दाबलं. सोडलं. पुन्हा दाबलं.

"असं असतं होय," कृष्णाजी म्हणाले. "किती हलकं आहे. ती म्हणायची, तुमचे पाय म्हणजे लाकूड, चेपून चेपून माझे अंगठे दुखतात..." त्यांनी तोंडावर हात घेतला आणि ते लहान मुलासारखे रडले. कावेरी घड्याळ बघत शेजारी उभी राहिली. मी अकरा मिनिटं त्यांचे पाय दाबले. त्या अकरा मिनिटांत माझी वायर कुणी काढली नाही.

आता मी सात नंबरला असतो. सध्या इथे बसवंत नावाचा तिशीतला मुलगा आहे, पोटाचं ऑपरेशन झालेला. त्याचंही इंजेक्शन थांबवलंय. त्याच्या बहिणीचा फोन पांढऱ्या पॉइंटला असतो, माझा प्लग लाल पॉइंटला. सगळं सुधारलं असं समजू नका. काल कुणा पाहुण्यानं पाणी तापवायची किटली आणली, पाचही पांढरे पॉइंट भरलेले बघितले आणि लाल पाटी वाचली. वाचून माझाच प्लग काढला! म्हणाला, "स्वल्प चहापुरतं." तुम्हा लोकांपुढे हात टेकले मी. कावेरी दारातून ओरडत आली तेव्हा कुठे मी पुन्हा सुरू झालो. ती आता दारातून खूण करत नाही. दोन पावलं आत येते, पट्ट्यावर हात ठेवते आणि हवा भरेपर्यंत थांबते.

मी लोखंडाचा आणि प्लास्टिकचा, आज ना उद्या भंगारात जाईन. त्याचं मला काही नाही. पण तुमच्या घरचं माणूस असं पडलेलं असेल आणि त्याच्या पायाशी माझ्यासारखा एखादा खोका असेल, तर मला चैन समजू नका. डॉक्टरांना विचारा, गुठळी होऊ नये म्हणून काय करताय? डॉक्टर चालवा म्हणाले तर माणसाला चालवा. एक पाय सुजला, ओढला, गरम लागला, तर तेल घेऊ नका, हाक मारा.

आणि मी खरंच चालतोय ना, याची शंका आली, तर कुणाला विचारत बसू नका. बटण उजवीकडे आहे. दाबा आणि वाचा.